पाण्याला विचारणाऱ्या म्हात्रे बाई

पनवेलच्या भातगिरण्यांत त्या काळी एक इशारा ठरलेला होता. फाटकापाशी कुणी "बाई आल्या!" असं ओरडलं की आतला फिटर बनियनवर घाईघाईने शर्ट चढवायचा, मुकादम बिडी विझवायचा आणि मालक उठून उसाचा रस मागवायचा. बाई म्हणजे आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या सुलोचना म्हात्रे. सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, काखेत कागदांचं पॅड आणि खांद्याला शबनम पिशवी. त्या कुणाकडेही न बघता सरळ बॉयलरपाशी जायच्या, पळीने थोडी राख काढायच्या, पुडी बांधायच्या, पुडीवर गिरणीचं नाव लिहायच्या आणि रस पिऊन निघायच्या. त्या कुठल्याशा सरकारी खात्याच्या तपासनीस आहेत, असा गिरणीवाल्यांचा पक्का समज होता.

"तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?" मी एकदा विचारलं.

"त्यांनी विचारलं कुठे? ते म्हणतात, 'बाई, सगळं ठीक आहे ना?' मी म्हणते, 'हं.' आता 'हं' म्हणणं हा काय गुन्हा आहे?"

मी साताऱ्याहून पनवेलला फिजिक्स शिकवायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी अवघडून बसलो असताना एक पन्नाशीच्या आतल्या बाई समोर आल्या आणि म्हणाल्या, "हात पुढे करा." केला. त्यांनी तळहातावर कोमट राखेची चिमूट ठेवली.

"काय आहे?"

"राख."

"साताऱ्याला एवढंच शिकवतात?" त्या इतरांकडे वळून म्हणाल्या, "हे फिजिक्स काही कामाचं दिसत नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'फिजिक्स' झालो. माझं आडनाव त्यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत एकदाही घेतलं नाही. सुरुवातीचं 'अहो फिजिक्स' महिन्याभरात 'ए फिजिक्स' झालं.

त्या राखेचं प्रकरण मला हळूहळू कळलं. भात कांडलं की तूस निघतं. ते ना गुरं खातात, ना शेतात लवकर कुजतं. गिरण्या ते बॉयलरला घालायच्या आणि राखेचे ढीग खाडीच्या कडेला टाकून द्यायच्या. बाईंचं म्हणणं असं की या राखेत वाळूतला मुख्य पदार्थ असतो, तोही अगदी बारीक. तिला चुना आणि पाणी दिलं की ती सिमेंटसारखी धरते. चुनाही विकत घ्यायला नको; कालवं, तिसऱ्या, खुबे यांचे शिंपले भाजले की चुनाच होतो. मग फेकायच्या दोन वस्तूंतून घराची फरशी का होऊ नये? यावर जगात इतर ठिकाणीही काम चाललं होतं. मुंबईच्या लायब्ररीतून बाई त्या विषयावरचे लेख हाताने उतरवून आणायच्या आणि वर शेरा लिहायच्या, 'यांनी पनवेलचं तूस पाहिलेलं नाही.'

शिंपले गोळा करण्याची मोहीम सगळ्या स्टाफवर लादलेली होती. रविवारी ज्यांच्या घरी तिसऱ्या होत त्यांनी सोमवारी शिंपले धुऊन आणायचे. संस्कृतच्या सरांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मग तुमच्या शेजाऱ्यांचे आणा." सर खरंच आणू लागले. त्यांच्या पिशवीत ग्रंथांच्या शेजारी खुब्यांची पुरचुंडी असायची आणि त्यांना त्याचा सूक्ष्म अभिमानही वाटायचा.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काहीही छातीठोकपणे सांगितलं, की हे औषध रामबाण आहे, हा उमेदवार निवडून येणार, ही छत्री वाऱ्यात उलटत नाही, की बाई शांतपणे विचारायच्या, "पाण्याला विचारलं का?" कॉलेजच्या आवारात त्यांची प्रयोगांची एक शेड होती, तिथे पाण्याच्या बादल्यांची रांग होती. तयार झालेली प्रत्येक फरशी महिनाभर बादलीत बुडायची. बहुतेक विरघळायच्या. मी हळहळलो की त्या म्हणायच्या, "रडतोस काय? बारा पुड्यांपैकी अकरा खोटं बोलल्या. आता बारावीला पकडू."

बारावीचं गुपित त्यांनी मला गिरणीच्या बॉयलरसमोर उभं करून समजावलं. "तूस हळू धुमसलं ना, तर राख जागी राहते. भडकून जळलं की ती झोपते. झोपलेल्या राखेला चुना कितीही हलवो, ती उठत नाही. गिरणीच्या राखेतली निम्मी झोपलेली. म्हणून मी पिंपात धुमसवते." शेडबाहेर भोकं पाडलेलं पत्र्याचं पिंप दिवसभर धुरकटत असायचं. त्या पिंपातल्या राखेच्या फरश्या पाण्यात टिकायच्या. पण एका पिंपातून सहाच फरश्या निघत, आणि बाईंना अख्ख्या गावाची जमीन करायची होती.

त्यांच्या खोड्यांतली सगळ्यात गाजलेली खोडी चहाची. कॉलेजची तपासणी करायला विद्यापीठाची समिती यायची होती. बाईंनी प्राचार्यांच्या खोलीमागे, त्यांना न विचारता, एका पिंपात दुसरं पिंप उलटं घालून गॅस तयार करण्याची व्यवस्था केली होती. त्यात भाजीबाजारातला कोबीचा पाला आणि मासळीबाजारातलं साफसफाईचं सगळं जायचं. समितीला पाहुणचाराचा चहा देण्याची जबाबदारी बाईंनी आपणहून घेतली. प्राचार्यांना तेव्हाच संशय यायला हवा होता.

समितीच्या अध्यक्षांनी चहाचं कौतुक केलं. बाई अदबीने म्हणाल्या, "सर, हा चहा कशावर केलाय सांगू? मासळीच्या आतड्यांवर."

अध्यक्षांचा कप ओठांपाशी थांबला. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

"पाणी नळाचं आहे, सर," बाई घाईने म्हणाल्या, "पावडर दुकानातली, दूध गवळ्याचं. फक्त जाळ आमचा."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला, बशीकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलून संपवला. मग म्हणाले, "दाखवा बघू." त्या दिवशी समितीने सर्वांत जास्त वेळ प्राचार्यांच्या खोलीमागे घालवला. अहवालात कॉलेजबद्दल फार बरं लिहून आलं. प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "म्हात्रे बाई, अभिनंदन. आता ते पिंप हलवा."

मग शेअरचं वारं आलं. नव्वदीच्या सुरुवातीचं ते वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आमच्या स्टाफरूममध्ये वर्तमानपत्राचं क्रीडापान कुणी उघडेना. सगळे भावांच्या बारीक अक्षरांच्या पानावर तुटून पडत. नव्या कंपन्यांच्या अर्जांचे गठ्ठे वाण्याच्या दुकानातसुद्धा मिळू लागले. कॉमर्सचे प्रधान सर आमचे त्यातले गुरू. कानावर पेन्सिल, तोंडात 'वाढणार' हा एकच शब्द. सज्जन माणूस, पण त्या वर्षी त्यांच्या अंगात काही संचारलं होतं.

एका दुपारी बाई त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "प्रधान, कुणाला बोलू नका. तूस वाढणार."

"तूस?"

"हं."

बाई हे विसरूनही गेल्या. चौथ्या दिवशी कळलं की प्रधान सरांनी घरामागे एक ट्रक तूस उतरवून घेतलंय. दोन आठवड्यांत त्या ढिगात उंदीर झाले, उंदरांमागे एक धामण आली आणि धामणीमागे प्रधान वहिनी कॉलेजात आल्या. बाईंनी माफी मागितली आणि ढीग स्वतः उचलून शेडमध्ये आणला. पुढे वर्षभर त्यांना तूस विकत घ्यावं लागलं नाही. सगळा स्टाफ पोट धरून हसला. बाई हसल्या नाहीत. घरी जाताना मला म्हणाल्या, "फिजिक्स, मी चेष्टेत एक शब्द बोलले आणि शहाण्या माणसाने ट्रक मागवला. मी गंभीरपणे काही बोलले तर काय होईल रे?"

ते लवकरच दिसलं. प्रधान सरांनीच, अगदी चांगल्या हेतूने, त्यांच्या ओळखीचे देशमाने नावाचे गृहस्थ शेडमध्ये आणले. सफारी सूट, मधाळ बोलणं. त्यांनी पिंपातल्या राखेची ती बारावी फरशी हातात घेतली, वाजवून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, ही फरशी नाही, ही कंपनी आहे." महिन्याभरात 'स्वर्णतूस टाइल्स लिमिटेड'चं गुळगुळीत माहितीपत्रक छापून आलं. त्यात हिरवीगार शेतं होती, धूर नसलेली चिमणी होती, आणि दुसऱ्या पानावर संचालकांचे फोटो होते. तिसरा फोटो हरीदादाचा होता.

हरीदादा हा बाईंचा मोठा भाऊ. त्याच्याबद्दल सांगायला थोडं मागे जावं लागेल. म्हात्र्यांची उरणकडे भातशेती आणि मिठागर. बाई म्हणजे गावातली पहिली पदवीधर मुलगी, आणि ते घडलं हरीदादामुळे. बाप गेल्यावर त्याने शाळा सोडली, मिठागर सांभाळलं आणि बहिणीला शिकवलं. पहाटे सायकलवर डबलसीट मोऱ्याच्या धक्क्यावर नेऊन मुंबईच्या लाँचमध्ये बसवायचं, संध्याकाळी आणायला जायचं, असं चार वर्षं. पुढे न्हावा शेव्याचं बंदर आलं, जमीन आणि मिठागर दोन्ही गेलं. मोबदला आला. हरीदादाने पनवेलजवळच्या कोन गावी जमिनीचा एक तुकडा घेऊन घर बांधलं आणि मग त्याला करायला काही उरलं नाही. ओट्यावर बसून रस्त्यावरचे कंटेनर मोजायचा. देशमान्यांनी त्याला सूट शिवायला लावला, फोटो काढला, कारखान्यासाठी कोनचीच जागा बघितली. उरणकडच्या जुन्या गावातली इतर माणसं हरीदादाकडे बघून मोबदल्याचे पैसे या कंपनीत घालायला तयार झाली. हरीच्याच बहिणीचा शोध, मग फसवणूक कसली?

देशमान्यांनी नमुन्याच्या फरश्या कुठूनशा करून आणल्या. दिसायला बाईंच्या फरश्यांपेक्षा कितीतरी देखण्या, आरशासारख्या. बाईंनी एक बादलीत टाकली. तासाभराने त्यांनी मला बोलावलं. बादलीच्या तळाशी करडा चिखल होता, आणि त्यावर पॉलिशचा पापुद्रा तरंगत होता.

"गिरणीची झोपलेली राख," त्या म्हणाल्या. "वरून रंगरंगोटी."

त्यांनी देशमान्यांना सांगितलं, एक पावसाळा थांबा, मी भट्टी बसवून देते. देशमाने हसून म्हणाले, "मॅडम, बाजार पावसाळ्यासाठी थांबत नाही. आणि फरशी पाण्यात कोण ठेवतं? फरशी जमिनीवर असते."

मग त्या कोनला गेल्या. मला सोबत नेलं, बहुधा साक्षीदार म्हणून. हरीदादा ओट्यावर होता. बाईंनी सगळं नीट समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाय, तुला शिकवली तवा मी काय विचारला होता का, पास होशील का नाय? आज मी कायतरी होतंय, तर तू पाण्याला विचारतेस?"

"दादा, गावची माणसं बुडतील."

"तुला माझा मोठेपण बघवत नाय, येवढाच हाय." एवढं बोलून तो आत गेला. चहाही आला नाही. आगरी माणसाच्या घरातून पाहुणा चहाशिवाय परत गेला म्हणजे काय, ते मला बाईंच्या चेहऱ्यावर दिसलं.

परतीच्या बसमध्ये त्या पॅड काढून काहीतरी आकडेमोड करत बसल्या. पनवेल आल्यावर उतरता उतरता म्हणाल्या, "फिजिक्स, झाकणाची बादली आहे का तुझ्याकडे?"

कंपनीचा समारंभ पनवेलच्या एका मंगल कार्यालयात होता. गावाकडून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. स्टेजवर देशमाने, नव्या सुटात हरीदादा आणि मुख्य वक्त्या म्हणून म्हात्रे बाई; शोध त्यांचा म्हणून देशमान्यांनी बोलावलं होतं आणि बाई नुसतं 'हं' म्हणाल्या होत्या. टेबलावर शालू अंथरला होता आणि त्यावर आरशासारख्या फरश्या मांडल्या होत्या. समारंभ सुरू व्हायच्या जरासं आधी त्यांतल्या चार फरश्या मी बाईंच्या सांगण्यावरून टेबलाखालच्या बादलीत सोडल्या होत्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा कट. घाईघाईत निम्मं पाणी माझ्याच बुटात गेलं.

बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि तब्बल चाळीस मिनिटं बोलल्या. तूस म्हणजे काय, राख म्हणजे काय, चुना म्हणजे काय. लोक जांभया देत होते. देशमाने मात्र प्रसन्न होते. एवढी विद्वान बाई आपल्या बाजूने बोलतेय याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. मला एकट्याला माहीत होतं की बाई वेळ काढतायत. शेवटी त्यांनी मला खूण केली. मी बादली टेबलावर ठेवली.

"मी आयुष्यभर एकच परीक्षा घेत आले," त्या म्हणाल्या. "मी स्वतः पास झाले तरी पाण्याला विचारते. या बादलीत कंपनीच्या फरश्या आहेत. देशमाने साहेब, एक उचलून लोकांना दाखवा."

देशमान्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. ते उठेनात. आणि मग जे झालं ते बाईंच्या हिशेबात नव्हतं. हरीदादा उठला. आपण संचालक आहोत, पाहुण्यांच्या बाह्या कशाला भिजवायच्या, अशा भाबड्या उत्साहाने त्याने नव्या सुटाची बाही वर केली आणि बादलीत हात घातला.

"दादा, तू नको—" बाई म्हणाल्या. माईकवर ते सगळ्यांना ऐकू गेलं.

त्याने हात वर काढला. चहात बुडवलेलं बिस्कीट जसं निसटतं तशी फरशी त्याच्या बोटांतून खाली गेली. सुटावर करडा ओघळ आला. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं आणि सगळं कार्यालय हसायला लागलं. त्याच्या गावची, त्याच्या भावकीची माणसं. हरीदादा आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग त्याने बहिणीकडे बघितलं, स्टेज उतरला आणि चालत गेला. टेम्पोसाठीसुद्धा थांबला नाही.

कंपनी तिथेच बसली. ज्यांनी अर्ज दिले होते त्यांनी ते त्याच आठवड्यात परत घेतले. काही दिवसांतच सगळा बाजारच गडगडला आणि देशमान्यांच्या ऑफिसला कुलूप लागलं. प्रधान सरांच्या कानावरची पेन्सिल खाली आली. गावातली माणसं बाईंना देवळात बोलावून शाल-नारळ देऊन सत्कार करायला निघाली. बाई गेल्या नाहीत.

"खोडी माझी होती," त्या मला म्हणाल्या. "खरं सांगायला बादली कशाला लागते? मला त्या देशमान्याची फजिती बघायची होती रे. ती हौस नडली. माझ्या भावाच्या हातात फुटली."

त्यानंतर बाईंनी कुणाची चेष्टा करणं सोडून दिलं. पहिले सहा महिने तर स्टाफरूममध्ये बसवेना. संस्कृतचे सर एकदा कळवळून म्हणाले, "बाई, मला काहीतरी बोला हो." बाई नुसत्या हसल्या. हरीदादा बोलत नव्हता. भाऊबीजेला त्या कोनला जायच्या, वहिनी ओवाळणीचं ताट आणायची, आणि हरीदादा नेमका गुरं बघायला गेलेला असायचा. अशी तीन वर्षं गेली.

मग बाई पडल्या. मासळीबाजारात शिंपल्यांची पिशवी घेऊन पायरी उतरताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, सांधा बदलला. मी भेटायला गेलो तर बाई डॉक्टरांशी वाद घालत होत्या.

"माझ्या हाडात सिमेंट भरलंय म्हणता, मग कुठलं ते मला कळायला नको? किती दिवसांत धरतं? पाण्यात ठेवून पाहिलंय का?"

"मावशी, ते परदेशी आहे," डॉक्टर म्हणाले. "उत्तम असतं."

"माहितीपत्रकात तसंच लिहितात."

डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला उशाशी बोलावलं. तीन वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती. मीच नेऊन दिलेल्या एका मासिकात त्यांनी वाचलं होतं, की माणसाच्या हाडातलं जे पांढरं खनिज, तेच माशाच्या काट्यांतही असतं. काटे नीट भाजले तर त्यातून मोडक्या हाडात भरायची पूड करता येईल का, यावर लोक काम करतायत.

"फिजिक्स, शिंपल्यांच्या मागे लागून वीस वर्षं घालवली आणि काटे टाकून दिले! मला काटे हवेत. मोठ्या माशाचे. वास आला तरी चालेल. नर्सला मी बघून घेते."

बाईंचं ऑपरेशन झाल्याचं सांगायला मी कोनला गेलो. हरीदादाने ऐकून मान हलवली. निघताना, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आता काटे मागतायत. माशाचे. प्रयोगाला." तो उठून गोठ्याकडे गेला.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये असताना हरीदादा दारात उभा राहिला. धुतलेला सदरा, हातात स्टीलचा डबा. बाई उठून बसायचा प्रयत्न करू लागल्या. त्याने डबा त्यांच्या पुढ्यात आपटला.

"घे. मास पोरांनी खाल्ला. हाडा तुला."

डब्यात काटे होते. धुतलेले, उन्हात वाळवलेले, माशागणिक वेगळ्या फडक्यांत बांधलेले. रावस, घोळ, सुरमई. प्रत्येक फडक्यात कोळशाने नाव लिहिलेली एकेक चिठ्ठी. बाईंनी एक फडकं सोडलं, काटा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "दादा, हा सुरमईचा नाय."

"सुरमईचाच हाय."

"नाय."

"अगो, मी जनम घालवला मासली खाण्यात, तू मना शिकवतेस?"

"पाण्याला विचारू का?"

हरीदादाने बहिणीकडे बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. दोघं इतकी हसली की नर्स धावत आली आणि डब्याचा वास येताच तितक्याच वेगाने परत गेली.

बाईंना पुढे काठी लागली. त्यांनी नोकरी मुदतीआधी सोडली आणि त्या कोनला भावाकडे राहायला गेल्या. काट्यांच्या पुडीचं फारसं काही झालं नाही. त्याला लागणारी यंत्रं पनवेलला नव्हती आणि बाईंना तेवढा वेळ नव्हता. पण फरश्यांचं काम त्यांनी सोडलं नाही. पिंप कोनला गेलं, तूस गेलं. मी अधूनमधून जायचो. प्रत्येक वेळी दोघं कशावरून तरी भांडत असत आणि मला पंच करत. नव्वदचं दशक सरता सरता, एका दिवाळीनंतर, बाई झोपेतच गेल्या.

शोकसभेत प्राचार्य चांगलं बोलले. प्रधान सर बोलता बोलता थांबले. पावसाळा उलटल्यावर मी कोनला गेलो, का ते मलाही नीट माहीत नव्हतं.

हरीदादा अंगणात उकिडवा बसला होता. अंगणभर फरश्या बसवलेल्या होत्या, सगळ्या वेगवेगळ्या, काही करड्या, काही पांढुरक्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात खिळ्याने आकडा कोरलेला. हरीदादाच्या मांडीवर शाळेची वही होती आणि डोळ्यांवर बाईंचा चष्मा.

"बायनं सांगून ठेवलाय," तो म्हणाला. "दर पावसाळ्यानंतर बघायचा, कंची फुटली, कंची रायली. तसा लिवायचा. मना लिवायला वेल लागतो, पन लिवतंय." त्याने बोट ठेवत वाचून दाखवलं. सात नंबरला भेग. अकराचा कोपरा गेला. चौदाला काय झाला नाय. मग तो अडला. उठून गोठ्यासमोरच्या एका फरशीपाशी गेला. तिचे तीन तुकडे झाले होते.

"ही बावीस. ही पाण्यानं नाय फुटली. म्हशीनं पाय दिला. बायनं म्हशीचा काय सांगितला नाय." त्याने चष्मा वर केला आणि माझ्याकडे अगदी गंभीरपणे बघितलं. "तू फिजिक्स ना? तू सांग. म्हशीचा धरायचा का नाय धरायचा?"

मी त्या तुकड्यांजवळ बसलो. एक हातात घेऊन पाहिला. चांगली भाजलेली राख होती, आतपर्यंत घट्ट.

"धरायचा," मी म्हणालो.

हरीदादाने पेन्सिल जिभेला लावली आणि बावीस नंबरच्या पुढे, सावकाश, एकेक अक्षर गिरवत लिहिलं, 'म्हैस.'